१ लाखाचं बजेट, १४४०पी मॉनिटर: प्रोसेसरवर किती घालायचे आणि ग्राफिक्स कार्डवर किती?

वऱ्हाडी_बाइट

नमस्कार मंडळी. गेमिंगसाठी नवीन पीसी असेंबल करून घ्यायचा आहे. बजेट १ लाख, मॉनिटर सोडून. मॉनिटर घरात आहे: २७ इंची, २५६० × १४४०, १६५ हर्ट्झ. नागपुरातल्या एका दुकानातून हे क्वोटेशन मिळालं:

इंटेल कोअर आय७ १४७००एफ – ३२,०००
एच६१० बोर्ड (डीडीआर४) – ७,०००
१६ जीबी डीडीआर४ ३२००, एक स्टिक – ४,०००
आरटीएक्स ५०६० ८ जीबी – ३०,०००
१ टीबी एनव्हीएमई – ५,५००
५५० वॉट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), कंपनीचं नाव लिहिलेलं नाही – ३,५००
कॅबिनेट, चार आरजीबी पंख्यांसह – ५,०००
२४० मिमी लिक्विड कूलर – ६,०००
कीबोर्ड-माउस – २,०००
एकूण ९५,०००, जीएसटी धरून.

खेळ: सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, आणि शनिवार-रविवारी मित्रांबरोबर व्हॅलोरंट व काउंटर-स्ट्राइक २. कधीमधी यूट्यूबवर लाइव्ह. दुकानदार म्हणतो, लाइव्ह करायचं तर आय७ लागतोच, आणि आय५ घेतला तर कार्ड 'बॉटलनेक' होईल, म्हणजे प्रोसेसर मागे पडून कार्ड अडून राहील. एका साइटवर आय७ आणि ५०६० ही दोन्ही नावं टाकली तर जोडी झकास म्हणाली. आय७ च्या जागी एएमडीचा रायझन ५ ७६०० टाकला तर लाल रंगात टक्के दाखवले. एकूण बजेटच्या किती टक्के प्रोसेसरवर आणि किती कार्डवर, असा काही ठोकताळा आहे का?

---

फ्रेमटाइम

त्या साइटचे टक्के सोडून द्या. कोणता खेळ, कोणतं रिझोल्यूशन, कोणत्या सेटिंग, सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) हव्यात, यातलं काहीच न विचारता जी साइट उत्तर देते तिचं उत्तर कशाचं आहे हे तिलाही माहीत नसतं. तीच जोडी व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसरपाशी अडते आणि सायबरपंकमध्ये कार्डपाशी.

दोघांची कामं वेगळी आहेत. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर खेळाचं गणित करतो: कोण कुठे आहे, कोणती गोळी कुठे लागली, गर्दीतली माणसं कुठे चालली, आणि मग काय काय चितारायचं याची यादी कार्डला देतो. ही यादी १०८०पीला जेवढी, जवळपास तेवढीच १४४०पीला. म्हणजे रिझोल्यूशन वाढवलं तरी प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही. कार्डचं वाढतं, कारण ते पिक्सेल रंगवतं: १०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ३६.९ लाख, ४केला ८२.९ लाख.

त्यामुळे हिशोब टक्क्यांनी मांडायचा नाही, मॉनिटरवरून मांडायचा. किती फ्रेम हव्यात यावरून प्रोसेसर ठरतो. त्या फ्रेम किती रिझोल्यूशनला आणि किती देखण्या हव्यात यावरून कार्ड ठरतं. पडद्यावर येतो तो दोघांतला लहान आकडा.

खरेदीआधी हा लहान आकडा घरबसल्या काढता येतो. प्रोसेसरचे रिव्ह्यू बघताना १०८०पी किंवा ७२०पीला, सगळ्यात वेगवान कार्ड लावून केलेली चाचणी बघा. तो झाला त्या खेळातला प्रोसेसरचा कमाल आकडा. कार्डचे रिव्ह्यू बघताना तुमच्या रिझोल्यूशनला, वेगवान प्रोसेसर लावून केलेली चाचणी बघा. तो कार्डचा कमाल आकडा. समजा एका खेळात प्रोसेसर ११० देतो आणि कार्ड ६५, तर तुम्हाला ६५ मिळणार. तिथे प्रोसेसर बदलून १५० देणारा आणला तरी ६५च. मात्र दोन्ही चाचण्यांत खेळ तोच आणि सेटिंग त्याच हव्यात. एकीत रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) चालू आणि दुसरीत बंद असेल तर तुलना फुकट, कारण रे ट्रेसिंगने कार्डबरोबर प्रोसेसरचंही काम वाढतं. सरासरीपेक्षा '१ टक्का लो'चा (सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा) रकाना जास्त बघा. खेळताना जो झटका बसतो तो तिथे दिसतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: अपस्केलिंग. १४४०पीला एनव्हिडियाचं डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात १७०७ × ९६० चितारतं आणि मग ताणतं. कार्ड मोकळं होतं, फ्रेम वाढतात आणि प्रोसेसरची मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून '१४४०पी आहे, प्रोसेसर कुठलाही चालेल' हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. फ्रेम जनरेशनचं उलट आहे. मधल्या फ्रेम कार्डच बनवतं, प्रोसेसरला त्यांचं काम पडत नाही, आकडा फुगतो. पण माउस हलवल्यावर पडदा हलायला लागणारा वेळ कमी होत नाही. मुळात ३५ फ्रेम मिळत असतील तर त्यांच्या ७० करून खेळ ७० सारखा हाताला लागत नाही.

तुमच्या क्वोटेशनमध्ये ३२ हजारांचा प्रोसेसर आणि ३० हजारांचं ८ जीबी कार्ड आहे. १४४०पीला सायबरपंक खेळायचा तर हे उलटं झालं. प्रोसेसरचे किमान १५ हजार काढून कार्डमध्ये घाला.

---

एसएमपीएस_आधी

वरच्याशी सहमत. मला त्या क्वोटेशनमधल्या बाकीच्या गोष्टी जास्त खटकतात.

१४७००एफला ८ मोठे आणि १२ छोटे कोअर आहेत. पाकिटावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोरात तो २१९ वॉटपर्यंत जाऊ शकतो. एच६१० बोर्ड हे सगळ्यात स्वस्त चिपसेटवरचं. त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकसुद्धा नसतो. तो भाग तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतं. म्हणजे ३२ हजारांचा प्रोसेसर घेऊन त्याचा दम बोर्डाने काढायचा, आणि वर ६ हजारांचा लिक्विड कूलर लावून त्याला गार ठेवायचं! शिवाय एच६१० वर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही आणि एलजीए १७०० सॉकेटला १४व्या पिढीपुढे काही नाही.

१३व्या-१४व्या पिढीच्या मोठ्या इंटेल प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे कालांतराने अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांची दुरुस्ती) आला. कोणी हा प्रोसेसर घेतलाच तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघावं.

एकच १६ जीबीची स्टिक हा घाट्याचा सौदा. मेमरीचे दोन चॅनेल असतात, एका स्टिकमुळे एक रिकामा राहतो आणि प्रोसेसरला माहिती अर्ध्या रुंदीने मिळते. प्रोसेसरपाशी अडणाऱ्या खेळांत, म्हणजे तुमच्या व्हॅलोरंट-काउंटर-स्ट्राइकमध्ये, याचा फटका सर्वात जास्त बसतो. दोन स्टिक घ्या, आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा.

एसएमपीएसला कंपनीचं नाव नाही म्हणजे तो बाद. १२ व्होल्टच्या रेलवर (वीज देणाऱ्या मार्गावर) खरे किती अँपिअर मिळतात हे लेबलवर वाचा. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसला १२ व्होल्टवर जवळपास सगळे वॉट मिळतात, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास. ३० अँपिअर लिहिलं असेल तर तो ३६० वॉटचाच आहे, वर काहीही छापलेलं असो.

---

वऱ्हाडी_बाइट

खूप धन्यवाद. दोन शंका. लाइव्हसाठी आय७ लागत नाही का? आणि ८ जीबी कार्ड खरंच कमी पडतं का? दुकानदार म्हणतो ५०६० ची मेमरी जीडीडीआर७ आहे, वेगवान आहे, त्यामुळे ८ पुरते.

---

फ्रेमटाइम

वेग आणि जागा या वेगळ्या गोष्टी. टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेलं चित्र) कार्डच्या मेमरीत मावलं नाही की ते पीसीच्या रॅममध्ये जातं आणि लागेल तसं पीसीआय एक्सप्रेसवरून (बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या रस्त्यावरून) ओढावं लागतं. तो रस्ता कार्डच्या स्वतःच्या मेमरीपुढे कैक पटींनी अरुंद. मग सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण वळण घेतलं की पडदा क्षणभर गोठतो. काही खेळ गोठत नाहीत, ते गुपचूप अंधुक टेक्श्चर दाखवतात. ते बेंचमार्कच्या आकड्यात येतच नाही. १४४०पी, हाय टेक्श्चर, रे ट्रेसिंग, वर फ्रेम जनरेशन (तीही मेमरी खाते) असं सगळं लावलं की ८ जीबी भरते. टेक्श्चर एक पायरी खाली घेतलं तर ८ जीबीतही खेळता येतं, पण ३० हजार देऊन पहिल्याच दिवसापासून ती तडजोड कशाला?

५०६० ला पीसीआय एक्सप्रेसच्या ८ लेनच आहेत. नव्या बोर्डावर त्याने फरक पडत नाही. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर पडतो, आणि नेमका मेमरी भरल्यावर.

लाइव्हचं: आजची सगळी कार्डं व्हिडिओ एन्कोड करायला वेगळा हार्डवेअर भाग ठेवतात. ओबीएसमध्ये (लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर) आउटपुटच्या पानावर एन्कोडर एनव्हिडियाचा 'एनव्हेंक' किंवा एएमडीचा हार्डवेअर एन्कोडर निवडा, 'एक्स२६४' नको. एक्स२६४ निवडलं तरच प्रोसेसरचे कोअर खर्ची पडतात. यूट्यूबला एव्ही१ (व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत) चालतं, ते जमलं तर कमी बिटरेटमध्ये चांगलं चित्र जातं. एक अडचण मात्र येते. खेळ कार्डला ९९ टक्क्यांवर नेऊन ठेवतो, मग ओबीएसला स्वतःचं दृश्य जुळवायला कार्ड मिळत नाही आणि प्रेक्षकांना अडखळतं चित्र दिसतं. तुमच्या पडद्यावर सगळं ठीक असतं म्हणून कळतही नाही. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये 'रेंडरिंग लॅग'चा आकडा वाढत असेल तर हेच. उपाय: ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि खेळाला फ्रेमची मर्यादा घालून कार्डला थोडा श्वास ठेवा.

---

उपाशी_कोअर

मग एवढं जर कार्डावर घालायचं म्हणता, तर सरळ एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट) का नको? रायझन ५ ५६०० साधारण १० हजार, बी५५० बोर्ड ८.५, डीडीआर४ ३२०० सीएल१६ च्या (सीएल म्हणजे मेमरीचा विलंब, कमी तेवढा बरा) १६-१६ च्या दोन स्टिक ५.५. तिघांचे मिळून २४. एसएसडी ५.५, ६५० वॉट एसएमपीएस ५.५, जाळीचं कॅबिनेट ४.५, कीबोर्ड-माउस २. झाले ४१.५. उरले ५८.५, त्यात आरटीएक्स ५०७० १२ जीबी बसतं. १४४०पीला सायबरपंकमध्ये ५०७० आणि एएमडीचं १६ जीबीचं ९०६० एक्सटी यांच्यात एक पूर्ण दर्जाचं अंतर आहे. तेच १५ हजार एएम५ वर (७६०० चं नवं सॉकेट) घातले तर सायबरपंकमध्ये काय दिसणार? काही नाही.

फक्त दुकानात सांगताना '५६००' एवढंच म्हणू नका, बिलावर बघा. ५६००जी किंवा ५६००जीटी हातात पडेल. त्यांची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीची. ५५०० चंही तेच. नावं शेजारी-शेजारी, खेळातला फरक मोठा.

---

एसएमपीएस_आधी

@उपाशी_कोअर, सायबरपंकपुरतं बरोबर आहे. पण ह्यांचा मॉनिटर १६५ हर्ट्झचा आहे. १६५ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ६.०६ मिलिसेकंद. व्हॅलोरंटमध्ये ५६०० ते आरामात करतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरी होते, पण धूर, आग आणि सहा-सात खेळाडू एका चौकात आले की १ टक्का लो बराच खाली येतो, आणि नेमकी तीच वेळ हातघाईची असते. ७६०० तिथे स्पष्ट पुढे आहे: नवीन कोअर, जास्त क्लॉक स्पीड, वेगवान मेमरी.

दुसरं म्हणजे पुढची खरेदी. कार्ड बदलणं सोपं: चार स्क्रू, एक-दोन वायरी, जुनं विकून टाकलं. प्रोसेसर बदलताना एएम४ वर पुढे रस्ता नाही. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी बाजारात आता सहज मिळत नाहीत. मग प्रोसेसर, बोर्ड, मेमरी तिन्ही एकदम. एएम५ वर बायोस अपडेट करून तीन वर्षांनी त्याच बोर्डात ९८००एक्स३डीसारखा प्रोसेसर बसवता येतो. एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं जाहीर केलेलं आहे.

---

उपाशी_कोअर

तीन वर्षांनी प्रोसेसर बदलू म्हणणारे किती जण खरंच बदलतात? बहुतेकांचा पीसी घेतला तसाच पाच वर्षं चालतो आणि मग सगळाच जातो. आज हातात असलेली फ्रेम खरी.

---

फ्रेमटाइम

दोघांचंही बरोबर आहे, निवड खेळांच्या वाटणीवर आहे. आठवड्यातले बहुतेक तास कथेच्या खेळांत, ७०-९० फ्रेममध्ये समाधान, नंतर काही बदलणार नाही: ५६०० आणि ५०७०. स्पर्धेचे खेळ मन लावून, १६५ हर्ट्झ वापरायचाच आहे, पुढे भर घालणार: ७६०० आणि १६ जीबी ९०६० एक्सटी. चूक फक्त तिसऱ्या वाटेत आहे, ती म्हणजे आय७ आणि ८ जीबी कार्ड.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या वाटेकडे झुकतो, कारण कार्ड कमी पडलं तर सेटिंग खाली घेता येतात आणि प्रोसेसर कमी पडला तर फारसं काही खाली घेता येत नाही. ग्राफिक्सच्या पानावरच्या बहुतेक कळा कार्डच्याच असतात. प्रोसेसरचा भार हलका करणाऱ्या मोजक्याच: गर्दीची घनता (सायबरपंकमध्ये ही कळ ग्राफिक्समध्ये नाही, गेमप्लेच्या पानावर आहे), किती दूरपर्यंत वस्तू दिसाव्यात ते अंतर, आणि रे ट्रेसिंग.

वऱ्हाडी_बाइट, पीसी जोडून झाला की कोण अडतंय हे असं तपासा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर टाका. पडद्यावर एवढंच दाखवा: कार्डचा वापर, कार्डची भरलेली मेमरी, फ्रेम, फ्रेमटाइमचा आलेख, आणि प्रोसेसरचे धागे वेगवेगळे. प्रोसेसरचा एकूण टक्का दाखवू नका, तो फसवतो. ७६०० ला १२ धागे आहेत. खेळाचा मुख्य धागा एकटा शंभर टक्के भरला तरी एकूणात तो ८ टक्केच दिसतो. लोक एकूण ४५ टक्के बघून 'प्रोसेसर तर निवांत आहे' म्हणतात आणि नको ते कार्ड विकत घेतात.

व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा बंद. खेळात एक गर्दीची जागा निवडा, तिथे उभे राहून आकडा लिहा. मग फक्त रिझोल्यूशन १०८०पी करा, किंवा अपस्केलिंग 'परफॉर्मन्स'वर न्या, त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड अडत होतं. जेमतेम वाढल्या तर प्रोसेसर. कार्डचा वापर ९७-९९ असेल तर ही चाचणी न करताही उत्तर कळलंच. ८० च्या खाली असेल तर प्रोसेसर, किंवा कुठेतरी मर्यादा लागलेली आहे. एल्डन रिंगमध्ये हमखास गोंधळ होतो, कारण तो खेळच ६० फ्रेमला बांधलेला आहे. तिथे कार्ड अर्धं मोकळं दिसणार, आणि ते बरोबर आहे.

प्रोसेसर अडतोय असं निघालं तर आधी पैसे न लागणारे उपाय: बायोसमध्ये एक्सपो, म्हणजे मेमरी छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का (नसेल तर ६००० ची मेमरी ४८०० वर चालत असते, आणि कोणी सांगत नाही), ब्राउझरच्या वीस टॅब बंद, आणि फ्रेमला मर्यादा. ९५ ते १३० मध्ये उड्या मारणाऱ्या फ्रेम ९० ला बांधल्या की आलेख सपाट होतो आणि खेळ हाताला जास्त गुळगुळीत लागतो. कार्ड मोकळं उरलंय तर त्याच भावात चित्राचा दर्जा वाढवून घ्या, फ्रेम कमी होणार नाहीत.

---

थर्मल_पेस्ट

नागपूर वाचून लिहितोय. रिव्ह्यूमधली तापमानं २१-२२ अंशांच्या खोलीतली असतात. मे महिन्यात तुमची खोली ३७-३८ असेल तर प्रत्येक आकड्यात १५-१६ मिळवून वाचा, कारण कूलर खोलीच्या हवेपेक्षा गार काहीच करू शकत नाही. म्हणून उन्हाळी गावांत कमी वॉटचा प्रोसेसर हा दुहेरी फायदा. ७६०० पूर्ण भारात ८८ वॉटला थांबतो. त्याच्या पाकिटातला कूलर चालतो, पण उन्हाळ्यात किंचाळतो. २ हजारांचा एका टॉवरचा, १२० मिमी पंख्याचा कूलर पुरे. लिक्विडचे ६ हजार कार्डमध्ये घाला.

कॅबिनेटचा दर्शनी भाग काचेचा नको, जाळीचा हवा. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. १६० वॉटचं कार्ड ती सगळी उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतं आणि प्रोसेसरचा कूलर तीच हवा ओढतो.

---

ढकलगाडी_२६००

त्याच विषयाशी जोडून विचारतो. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबी मेमरीच्या दोन स्टिक ३००० वेगाच्या, आरएक्स ५८० ८ जीबी, चांगल्या कंपनीचा ५५० वॉट एसएमपीएस. मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. ४० हजार आहेत. सगळे कार्डमध्ये घालू की वाटू?

---

फ्रेमटाइम

वाटा. ४० चं कार्ड २६०० ला लावलं तर १०८०पीला बराच वेळ ते बसून राहील. ५६०० ला १०, उरलेले ३० कार्डला.

तुमच्या बोर्डामुळे कार्डची निवड बदलते. बी४५० तिसऱ्या पिढीचंच राहतं, ५६०० बसवला तरी. त्यामुळे ८ लेनचं ५०६० घेण्यापेक्षा पूर्ण १६ लेनचं ९०६० एक्सटी या बोर्डाला जास्त मानवेल. ३० मध्ये त्याचं ८ जीबीचं रूप येईल. १०८०पीला टेक्श्चर सांभाळून चालेल. थोडे दिवस थांबून १६ जीबी घेता आलं तर थांबा. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी भावात मोह पाडेल, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम मागतो. जुन्या प्रोसेसरवर त्याचे आकडे रिव्ह्यूपेक्षा बरेच खाली येतात, आणि रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर ते घेऊच नये.

---

एसएमपीएस_आधी

आणि हे क्रमाने करा, नाहीतर बंद पीसीसमोर बसाल. जुना २६०० जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचं. बोर्डच्या कंपनीच्या पानावर तुमच्या बोर्डाचं नाव रिव्हिजनसकट जुळवा. प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर कोणती आवृत्ती लिहिली आहे ती किंवा नंतरची घ्या. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, तळटीप वाचा. पेनड्राइव्ह एफएटी३२. इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावा. अपडेट होताना वीज गेली तर बोर्ड गेलं. नव्या बायोसने पुन्हा सुरू झालं की मग प्रोसेसर काढा.

काढताना सरळ वर ओढू नका. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, आणि जुनी पेस्ट वाळली की कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, खटका बंद असतानासुद्धा. आधी दहा मिनिटं एखादा खेळ चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून वीज काढा, कूलरचे स्क्रू सोडवून तो डावीकडे-उजवीकडे हलके फिरवा, सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला.

शेवटी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद आणि रिसाइझेबल बार चालू. जुनी विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ती सुरूच होणार नाही. आधी डिस्क व्यवस्थापनात बघा. एमबीआर असेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या आज्ञेने बदला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयी लागतातच, तेही याच फेरीत होऊन जाईल.

---

वऱ्हाडी_बाइट

ठरवलं, एएम५. दुसऱ्या दुकानातून घेतलेली यादी अशी, बघून सांगा:

रायझन ५ ७६०० – १७,०००
बी६५०एम बोर्ड – १२,०००
डीडीआर५ ६००० सीएल४०, १६ × २ – ९,५००
आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी – ३८,०००
१ टीबी एनव्हीएमई – ५,५००
६५० वॉट ब्राँझ, नावाच्या कंपनीचा – ५,५००
जाळीचं कॅबिनेट, तीन पंखे – ४,५००
एका टॉवरचा कूलर – २,०००
कीबोर्ड-माउस – २,०००
एकूण ९६,०००.

---

एसएमपीएस_आधी

यादी चांगली आहे. मेमरी सीएल४० ऐवजी सीएल३० मागा, एक्सपो लिहिलेली. फरक हजारभराचा असेल तर द्या. मेमरीचा भाव सगळ्यात जास्त हलतो, त्या दिवशीचा विचारून मगच पैसे द्या. पुढे ६४ जीबी करू म्हणून आणखी दोन स्टिक टाकायचा विचार असेल तर सोडा. एएम५ वर चार स्टिक लावल्या की मेमरीचा वेग बराच खाली येतो.

कार्डच्या बिलावर '१६ जीबी' हे शब्द लिहून घ्या. ८ आणि १६ दोन्हींचं नाव एकच आहे, खोकंही सारखंच दिसतं.

---

फ्रेमटाइम

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहील. डीडीआर५ ची मेमरी तेव्हा जुळवून घेत असते. पंखे फिरत असतील तर पॉवरचं बटण दाबून बंद करू नका, थांबा. एक्सपो चालू केल्यावर पुन्हा एकदा तसंच होईल. मॉनिटरची वायर कार्डला लावा, बोर्डला नाही: ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स असल्याने बोर्डच्या पोर्टवरही चित्र येतं, आणि मग सायबरपंक रांगायला लागला की लोक कार्डला दोष देतात. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ हर्ट्झ स्वतः निवडा, बरेचदा ते ६० वरच असतं.